रिकाम्या रकान्यांचे नाना

एंटर दाबण्याआधी नाना दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, मांड्यांवर पालथे ठेवायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणायचे, "वाचून दाव." मग आपण पडद्यावरची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, मोठ्यानं वाचायची, तीही मराठीत. कुठल्या टेबलातून, काय हवंय, कुठल्या अटीवर. वाचून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असे. "किती मानसं हायत?" ओळी म्हणायचं नाही, रेकॉर्ड म्हणायचं नाही. पडद्यावर कंटेनर असोत, ट्रेलर असोत की गेटपास, नानांच्या लेखी ती सगळी माणसंच. आकडा पटला तरच बोट एंटरवर जायचं.

मला सुरुवातीला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. उरणजवळच्या त्या कंटेनर यार्डात मी कागदपत्रांच्या विभागात नवीन लागले होते, आणि नाना तिथला डेटाबेस सांभाळायचे. पनवेलला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, आणि त्याचा मला तेव्हा जरा जास्तच अभिमान होता. पन्नाशी उलटलेल्या माणसापुढे बालवाडीतल्या पोरीसारखं वाचून दाखवायचं म्हणजे काय? तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. मदत करतो, पण आधी जीव खातो. त्याच्याकडे गेल्याशिवाय भागत नाही आणि गेलं की लवकर सुटका होत नाही.

आमची ओळख झाली ती मी यार्ड बंद पाडलं तेव्हा. साहेबांना एक साधा अहवाल हवा होता. मी मोठ्या उत्साहात सगळ्या कंटेनरांची, सगळ्या वर्षांची, सगळी हालचाल एका क्वेरीत मागितली आणि चहाला गेले. परत आले तर गेटवरची पावती निघत नव्हती, क्रेनवाल्यांचे पडदे गोठले होते, ट्रेलरची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून यार्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. नाना जेवत होते. उष्टा हात तसाच ठेवून ते डाव्या हाताने माझी क्वेरी थांबवायला आले.

"काय मागितलंस?"

"सगळे कंटेनर."

"बाजारात जाऊन 'मासली द्या' असं बोलतंस? कुठली, किती, कोनाच्या पाटीतली, काय सांगशील का नाय?"

मग ते हात धुऊन आले, खुर्ची ओढली आणि तीच क्वेरी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. हव्या तेवढ्याच तारखा, हवे तेवढेच रकाने. त्यानंतर त्यांनी टेबलाला एक इंडेक्स लावला आणि तो काय असतो ते मला त्यांच्या आईवरून समजावलं. आई जन्मभर मासळीबाजारात एकाच जागी बसली. गिऱ्हाईक डोळे मिटून तिच्यापर्यंत यायचं. कोळणी रोज जागा बदलून बसल्या, तर गिऱ्हाईक एका सुरमईसाठी दुपारपर्यंत फिरत राहील. "तुजी क्वेरी तशी फिरत व्हती," ते म्हणाले. अहवाल चहा निवायच्या आत निघाला. मी त्यांचे आभार मानले, तर ते म्हणाले, जेवण मात्र थंड झालं.

बाहेरून येणाऱ्या डेटाचं त्यांचं वेगळंच होतं. एजंट लोक एक्सेलच्या फायली पाठवत, आणि त्यांत काय नसे? शून्याच्या जागी इंग्रजी ओ, वजनात स्वल्पविराम, एकाच कंटेनरचे दोन मालक. आमच्यापैकी कुणी ती फाइल थेट मुख्य टेबलात ढकलायला निघालं की नाना दुरूनच ओरडत, "वलांडीवर टाक आधी." कोळीवाड्यात बोंबील सुकवायला बांबूंची मांडणी असते, ती वलांडी. नानांनी खरोखरच त्या नावाचं एक टेबल करून ठेवलं होतं. आलेला डेटा आधी तिथे पडायचा, दोन्ही बाजूंनी उलटून बघायचा, किडका वेचायचा आणि मगच घरात घ्यायचा. बाहेरून आलेल्या एका तपासनिसानं हा काय शब्द म्हणून विचारलं, तेव्हा नानांनी त्याला सुक्या बोंबलांची पिशवीच दिली. त्याचा वास पुढे बरेच दिवस त्याच्या गाडीतून गेला नाही म्हणे.

पण एका गोष्टीवर नानांचं डोकं खरंच फिरायचं. रिकामा रकाना कुणी मनाने भरला की. कुणी वजन माहीत नसलं की शून्य लिहायचं, कुणी तारीख माहीत नसली की आजची ठोकून द्यायचं. आमच्यातल्या एकानं असंच एका कंटेनरचं वजन शून्य टाकलं. क्रेनवाल्याच्या पडद्यावर तो रिकामा म्हणून गेला, म्हणून त्यानं तो रिकाम्यांच्या चळतीवर सगळ्यात वर ठेवला. आत फरश्या भरल्या होत्या. चळत कलली. खाली त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. नानांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं. आवाज मात्र चढवला नाही.

"शून्य म्हंजे तुला ठाव हाय, का त्यात काय नाय. रिकामा म्हंजे तुला ठाव नाय. ठाव नाय ते ठाव नाय असू दे. मशीनला लाज नाय वाटत, तुला कशाला वाटते?"

आणि मग आम्हाला सगळ्यांना बसवून त्यांनी एक गंमत दाखवली. रिकाम्या रकान्याला डेटाबेसमध्ये नल म्हणतात. वजन शून्य असलेले सगळे मागा, नलवाले येत नाहीत. वजन शून्य नसलेले सगळे मागा, तरीही नलवाले येत नाहीत. ते या यादीतही नसतात आणि त्या यादीतही नसतात. त्यांना वेगळी हाक मारावी लागते. "हाक नाय मारली तर ती मानसं ऱ्हायलीच," नाना म्हणाले. आम्ही हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

त्यांचा मुलगा मी फारसा पाहिला नव्हता. कधीमधी गेटवर मासळीची पिशवी घेऊन यायचा आणि ओल्या चपला म्हणून आत यायचा नाही. नानांना तो यार्डात हवा होता. काही महिने तो लागलाही होता, पण एसीत त्याचा जीव घुसमटायचा. शेवटी काकांच्या होडीवर गेला. मला बघून एकदा म्हणाला, "तुमच्याकडून पन वाचून घेतात का? घरी आई भाकऱ्या थापायला बसली का तिला पन इचारतात, किती मानसं हायत." नाना पिशवी घेऊन वळले होते, पण त्यांची पाठ हसत होती.

दिवाळीच्या तोंडावर दर्यात वादळ उठलं. होड्या परत फिरल्या, पण नानांचा मुलगा होता त्या होडीचं इंजिन बंद पडलं. लाटेनं होडी पालथी झाली. बाकीच्यांना दुसऱ्या होडीनं उचललं. नानांचा मुलगा आणि एक खलाशी, दोघे सापडले नाहीत. तटरक्षकांनी शोधलं, हेलिकॉप्टर फिरलं, गावातल्या होड्या रेवसपासून मुरूडपर्यंत किनारा बघून आल्या. मग एक दिवस शोध थांबला.

नाना कामावर आले, तेव्हा मी चहा आणून ठेवला. त्यांनी प्यायला, वलांडीवर पडलेली जुनी फाइल उघडली आणि काम सुरू केलं. दुपारी एक एजंट आला. त्याला बिचाऱ्याला सांत्वन करायचं होतं. तो म्हणाला, "नाना, ऐकलं, मुलगा गेला."

"मना ठाव नाय," नाना म्हणाले.

त्यात राग नव्हता. वजन माहीत नाही, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी फाइलमध्ये डोकं घालून रडले.

आमच्याकडे माणूस दर्यात राहिला आणि देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. खलाशाच्या घरच्यांनी तो दिला. नानांच्या घरी काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, भटजींना ओट्यावरही चढू दिलं नाही. "पुतला म्हंजे माजा पोर नाय," एवढंच त्या म्हणाल्या. सुनेच्या हातातला चुडा त्यांनी उतरवू दिला नाही. होड्या लागायच्या वेळी त्या जेट्टीवर उभ्या राहत आणि शेवटची होडी लागली की घरी जात.

त्याच वर्षी त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. जुना सगळा डेटा त्यात भरायचा होता. गावात नानांशिवाय ते करणारं कोण? रविवारी ते सोसायटीच्या ऑफिसात बसू लागले. बर्फाच्या गोदामावरची ती खोली, खालून गारवा आणि अमोनियाचा वास. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. शिकायला, असं मी सांगायचे. खरं म्हणजे त्यांना एकट्यानं त्या यादीपुढे बसू द्यायला मला नको वाटायचं.

सभासदांच्या टेबलात एक रकाना होता, स्थिती. त्यात दोनच पर्याय: हयात, मयत. रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर ती ओळ घेतच नव्हतं. सगळं गाव आत गेलं. खलाशाची ओळ त्याच्या आईच्या संमतीनं मयत म्हणून गेली. वलांडीवर एकच ओळ उरली.

नानांनी खटपट करून तिसरा पर्याय घातला, बेपत्ता. ओळ आत गेली. मला वाटलं, सुटलो. पण तो प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता.

जेट्टीवरच्या शेडमध्ये विक्रीचे ओटे आहेत. वर छप्पर, खाली पाण्याचा नळ, लिलावात आधी बोली. ओटा मिळतो तो सभासदाला, म्हणजे त्याच्या सहीनं त्याच्या बायकोला, किंवा मयत सभासदाच्या विधवेला. नानांच्या सुनेला सही करायला नवरा नव्हता आणि विधवा म्हणून नोंद नव्हती. ती शेडच्या बाहेर चिखलात पाटी मांडून बसायची. ट्रकवाले पाटीवरून पाय टाकून जायचे, ऊन चढलं की मासळी मऊ पडायची आणि ती पडेल त्या भावानं द्यायची. घरात आता बाजार करणारी तीच होती.

ओट्यांचे दोन अहवाल नानांनीच बनवले होते. एक हयात सभासदांचा, एक मयतांच्या वारसांचा. त्यांनी दोन्ही काढले, माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि एकेका नावावरून बोट फिरवलं. सून दोन्हींत नव्हती. मी सोसायटीच्या चेअरमनना म्हटलं, तिसरा अहवाल काढू, बेपत्तांचा. चेअरमन वाईट माणूस नव्हता. त्यानं नियमांचं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाला, "तिसऱ्याला ओटा देता येत नाय, ताई. कमिटीत मी दोनदा बोललो. आज याला दिला तर उद्या कामाला म्हणून गाव सोडून गेलेले सगळे कागदावर बेपत्ता व्हतील."

त्याच दुपारी सून वर आली. बाजार आटपून थेट आली होती. हातांवर खवले वाळलेले, पदर ओला. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाबा, मी सवाशिनीत नाय न् विधवेत नाय. मना कशात तरी घाला."

"तुजे सासूला काय सांगू?" नानांनी विचारलं.

"आईंना मी काय बोलत नाय. त्यांचा पोर हाय." ती थांबली. "पन मना ऊन लागतंय, बाबा."

चेअरमन उठून गॅलरीत गेला. नानांनी ओळ उघडली. स्थिती या रकान्यात त्यांनी बेपत्ता पुसून मयत घातलं. मला वाचायला सांगितलं नाही, मीही वाचलं नाही. पण सॉफ्टवेअरचं समाधान झालं नव्हतं. मयत म्हटल्यावर लगेच पुढचा रकाना उघडला, मृत्यूचा दिनांक, आणि तो भरल्याशिवाय ते पुढे जाईना.

चेअरमन बाहेरूनच म्हणाला, "वादळाचा घाला, नाना. सगल्यांना म्हायती हाय."

नानांनी त्या दिवसाची तारीख घातली. ज्या रविवारी आम्ही तिथे बसलो होतो, त्या दिवसाची.

"नाना, ही आजची आहे," मी म्हटलं.

"तवा मना ठाव नव्हता," ते म्हणाले. "मी घातला तो आज."

सून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. नाना उठून तिच्याजवळ गेले नाहीत. ते खुर्चीत तसेच बसून राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनी छपाईला अहवाल दिला. तिला ओटा मिळाला.

काकींना वाचता येत नाही. त्यांना ते बाजारात कळलं, कुणा बाईनं सुनेच्या ओट्याचा विषय काढला तेव्हा. त्या घरी आल्या, नानांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दर्यानं नाय, बापानं घेतला माजा पोर." त्यानंतर त्या नानांशी बोलल्या नाहीत. ताट वाढत, ते पुढे सरकवत, कपडे धुऊन घडी घालून ठेवत, पण शब्द नाही. हे नानांनीच मला सांगितलं, यार्डात, एका क्वेरीचा वेळ मोजता मोजता. "घरात मी एकलाच बोलतो आता," ते म्हणाले, आणि मग त्या क्वेरीबद्दल काहीतरी विचारलं.

ते बदलले ते आम्हाला हळूहळू कळलं. कामात चूक नव्हती, पण वलांडीवरचा डेटा ते एकदाच बघून आत घ्यायला लागले. वाचून दाव म्हणणं कमी झालं. मग एक दिवस कचेरीतल्या त्याच पराक्रमी मुलानं पुन्हा रिकाम्या वजनांच्या जागी शून्य टाकली. मी बघितलं आणि धावत नानांना सांगायला गेले. मला वाटलं, आता ते उठतील, त्याला सगळ्यांसमोर उभा करतील. मला ते हवं होतं, खरंच सांगते. नानांनी पडदा बघितला आणि म्हणाले, "असू दे." वजनं मीच दुरुस्त केली.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत, सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, नाना झोपेतच गेले. यार्डातून आम्ही बस करून गेलो. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. सुनेनं सगळं केलं. मला कुणाचा इतका राग कधी आला नव्हता, जितका त्या दिवशी काकींचा आला. आता तरी काहीतरी बोलायचं होतं त्यांनी नानांशी.

नानांच्या जागी आता रविवारी सोसायटीत मी बसते. नाही म्हणायचं तर गावात दुसरं कोण आहे? गेल्या महिन्यात मी एकटीच होते. जिन्यावर पावलं वाजली आणि काकी आल्या. आपल्या आपण खुर्ची ओढून, नानांचीच खुर्ची, त्या माझ्या शेजारी बसल्या.

"तुना येतंय नं त्यांच्यासारखा?" त्यांनी विचारलं.

"थोडं येतं, काकी."

"मंग माज्या पोराला परत जित्ता कर."

मी त्यांना टाळणार होते, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "केलं तर सुनेचा ओटा जाईल, काकी."

"मना ठाव हाय." खाली बर्फ फोडायचा आवाज येत होता. "नको करू. तिला ऊन लागंल. नाव तरी दाव त्याचा."

मी ओळ उघडली आणि नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं, सुरकुतलेलं, मासळी कापून चिरा पडलेलं. मग म्हणाल्या, "वाच." मी त्यांचं बोट एकेका रकान्यावरून पुढे नेत वाचत गेले. त्याचं नाव. बापाचं नाव. गाव. होडी. आणि तिथे थांबले.

"पुढं?"

"पुढं काही नाही, काकी. रिकामं आहे."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. बोट त्यांनी आपणहून एक रकाना पुढे, स्थितीवर, सरकवलं होतं, आणि त्याच्याखाली अक्षरं होती, ती न वाचताही दिसत होती.

"खोटं बोलतंस," काकी म्हणाल्या. "ते असते तर नसते बोलले."